मरून, डाळिंबी आणि काउंटरवरचा दिवा

मित्रांनो, भिंगारच्या बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेल्या वर्षी अठरा दिवे होते. बारा गोल, पीओपीच्या छतात बसवलेले. चार शोकेसमध्ये. एक गल्ल्यावर. अठरावा माळ्यावर, अस्तराच्या जुन्या गठ्ठ्यांमागे उलटा पडलेला होता, आणि त्यात बल्ब नव्हता. तो अठरावा मी.

लोक मला दिवा म्हणतात, पण मी बल्बवरची टोपी आहे. लोखंडी पत्रा दाबून मला घमेल्यासारखा आकार दिला गेला. त्यावर काचेची पूड फासून मला भट्टीत घातले. पूड वितळून पत्र्याला कायमची चिकटली. बाहेरून हिरवी, आतून पांढरी. आतला पांढरा रंग उगाच नाही. बल्बचा उजेड चहूकडे पसरतो. वर आणि बाजूला वाया जाणारा उजेड मी परतवतो आणि खाली टेबलावर आणतो. एवढेच माझे काम.

पहिली काही वर्षे मी लष्कराच्या छावणीतल्या वर्कशॉपमध्ये एका लेथवर टांगलेला होतो. तिथले जुने सामान लिलावात निघाले, तेव्हा फैयाजभाईंनी मला घेतले. साडीच्या रंगाला जुळणारे ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल विकायचे त्यांचे दुकान तेव्हा नवे होते. त्यांनी मला काउंटरच्या बरोबर वर, हात पोचेल इतका खाली टांगला.

माझ्यात आधी शंभर वॅटचा पिवळा बल्ब होता. त्याच्या उजेडात निळा भाग कमी असतो, त्यामुळे नेव्ही ब्लू आणि काळा सारखेच दिसत. पण त्याने कुणाचे अडत नसे. बायका साडी आणि ब्लाउजपीस घेऊन सरळ दारात जात. “उजेडात बघू दे,” हे वाक्य मी हजारदा ऐकले असेल. पुढे पिळाचा सीएफएल आला. तो माझ्या कडेखाली डोकावायचा आणि थेट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जायचा. नंतर एलईडी आला. बल्ब बदलत गेले, टोपी तीच राहिली. फैयाजभाई दर शुक्रवारी दुकान उघडण्याआधी मला ओल्या फडक्याने पुसत.

त्यांच्यामागे दुकान त्यांच्या मुलाकडे, नियाजभाईंकडे आले. नियाजभाईंना शेजारच्या सराफाचे दुकान फार आवडे. तिथे पाऊल ठेवले की सोने अंगावर येते, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी सराफाच्याच कारागिराला बोलावले आणि तसेच छत, तसेच पिवळसर दिवे बसवून घेतले. एसी आला. एसीसाठी काचेचे दार आले आणि दाराला काळी फिल्म लागली. कापड दारात नेऊन बघायची सवय आपोआप मोडली. मी माळ्यावर गेलो.

लग्नसराईत एके दिवशी रंगुबाई आल्या. रंगुबाई भिंगारमधल्या नावाजलेल्या शिवणकाम करणाऱ्या. त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई कापड घ्यायला नियाजभाईंकडे येत असे. त्या सांगत म्हणूनच.

त्यांनी एक ब्लाउज काउंटरवर टाकला.

“नियाजभाऊ, साडी डाळिंबी आन् ब्लाउज मरून! नवरीच्या मामीनं भर मांडवात इचारलं, रंगुबाई, डोळं तपासलं का?”

“पण इथं तुम्हीच पसंत केलं होतं ना?”

“हितं पसंत केलं. लगीन काय तुमच्या दुकानात लागलं न्हाई! ह्या म्हैन्यातली ही चौथी येळ. नावं मला ठेवत्यात लोकं. आता माझी गिऱ्हाइकं नगरच्या कापडबाजारात धाडीन.”

नियाजभाईंनी चहा मागवला. रंगुबाईंनी तो घेतला नाही. भिंगारमध्ये याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

नियाजभाईंची मुलगी शबनम नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाली होती. तिने तो ब्लाउज आणि साडीचा तुकडा उचलला. आत दोन्ही सारखे दिसले. ती दार ढकलून बाहेर गेली. तिथे ते वेगळे दिसले. ती परत आत आली, पुन्हा बाहेर गेली.

“अब्बा, सराफाला सोनं पिवळं दाखवायचं असतं. हे दिवे त्याच्यासाठी चांगले आहेत. यांच्यात गडद लाल आणि निळा कमी आहे. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले असले, तरी यांच्याखाली ते एक दिसतात.”

“मग दारात जाऊन बघायला सांगू.”

“गिऱ्हाईक येतं संध्याकाळी, कामं उरकून. तेव्हा दारात अंधारच असतो.”

ती माळ्यावर चढली आणि मला खाली घेऊन आली.

“हे भंगार?” नियाजभाई म्हणाले. “एवढ्या चकाचक दुकानात?”

“छगनच्या पंक्चरच्या दुकानात असलाच हाय की!” रंगुबाई म्हणाल्या, आणि रागात असूनही हसल्या.

शबनमने एक पांढरा बल्ब आणला. रंग किती खरे दिसतात याचा आकडा त्याच्या खोक्यावर छापलेला होता: शंभरपैकी सत्त्याण्णव. छतातल्या दिव्यांच्या खोक्यांवर असा आकडाच नव्हता. तिने मला जुन्या जागी टांगले, काउंटरवरचे छतातले दिवे बंद केले आणि माझ्याखाली उजेड मोजायचा मीटर ठेवला. दोनशे दहा लक्स. मग तिने मला आतून पुसले. तीनशे पाच. मित्रांनो, एवढा उजेड नुसती धूळ खात होती. घरातले भांडे रोज घासले जाते. दिवा मात्र गेल्यावरच आठवतो. आज घरी गेलात की एखादा दिवा बंद करून, थंड होऊ देऊन, कोरड्या फडक्याने पुसून बघा.

“मावशी, एक संधी द्या,” शबनम म्हणाली. “तुमच्याकडच्या तीस साड्यांची कातरणं आणा. एका संध्याकाळी छतातल्या दिव्यांखाली जुळवा, दुसऱ्या संध्याकाळी याच्याखाली. दोन्ही वेळा सकाळी बाहेर तपासू.”

रंगुबाईंनी माझ्याकडे मान वर करून पाहिले. “ह्याच्याखाली तिसात दोन-तीन चुकली तर माझा डोळा चुकला म्हनीन. त्याच्यावर गेली तर मी चालले नगरला. मग चहा न्हाई आन् फोन बी न्हाई.”

त्यांनी दोन्ही संध्याकाळी स्वतःच कापडे निवडली. चिंतामणी, मोरपंखी, आमसुली, राणी, वांगी असे सगळे रंग. नियाजभाई काही सुचवायला गेले की त्या म्हणत, “तुमी गप बसा.” तीच कातरणे दुसऱ्या दिवशी शबनमने आधी उलटसुलट मिसळून दिली, म्हणजे कालची जोडी आठवायला नको.

शेवटच्या सकाळी काचेचे दार उघडे धरले होते, त्यामुळे मला ओटा दिसत होता. रंगुबाई सावलीत उभ्या राहून एकेक जोडी डोळ्यांसमोर धरत होत्या. जुळलेली उजवीकडे, न जुळलेली डावीकडे. नियाजभाई पायरीवर बसले होते. शबनमने ढीग मोजले, आदल्या सकाळी लिहून ठेवलेला आकडा काढला आणि दोन्ही मोठ्याने सांगितले.

छतातल्या दिव्यांखाली निवडलेल्या तीस जोड्यांपैकी अठरा जुळल्या. माझ्याखाली निवडलेल्या तीसपैकी एकोणतीस.