वर्बलमध्ये एकशे त्रेचाळीस

“तोंडाची परीक्षा, आणि आमच्या घरातली पोरगी त्यात पडली?” मी विचारलं. हातातला बोंबील बांबूवर अडकवायचा तसाच राहिला.

माझी नात अमिषा दारात उभी होती, मोबाइल छातीशी धरून. बोलला तो तिचा बाप, माझा मुलगा सदा. सदा डंपर चालवतो. त्यामुळे इंग्रजीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे.

“वर्बल म्हनजे तोंडी, आये. ट्रॅफिकवाला सोडून देतो तवा बोलतो ना, वर्बल वॉर्निंग दिली. तसं.”

“बाबा, तसं नाय,” अमिषा म्हणाली, पण तोवर कुंपणापलीकडे केसरनं मान वर केली होती. केसर माझी शेजारीण, आणि रेवदंड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते तीही माझ्या शेजारीच. अकरा वर्षांपूर्वी ती भर बाजारात बोलली, की माझ्या जवळ्यात कचरा असतो. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी खरं तेवढंच बोलतो.

“सगुणे,” ती म्हणाली, “तुझ्या घरात तोंडाला मार्क कमी? पेपर तपासनारा बहिरा असंल.”

मला राग आला, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या तोंडाला या किनाऱ्यावरचा एकही व्यापारी लागत नाही. आणि माझी नात जीआरई नावाच्या परीक्षेत, अमेरिकेत पुढचं शिकायला जी द्यावी लागते तिच्यात, बोलण्यात मागे पडली.

मग अमिषानं समजावलं. वर्बल म्हणजे बोलायचं नसतं, वाचायचं असतं. इंग्रजी उतारे देतात, त्यावर विचारतात. गणितात तिला एकशे सदुसष्ट होते आणि यात एकशे त्रेचाळीस.

“एकशे त्रेचालीस कमी कसे गो?”

“आजी, मार्क एकशे तीसपासून सुरू होतात, एकशे सत्तरपर्यंत. काहीच आलं नाय तरी एकशे तीस.”

म्हणजे पोरीनं तेरा मिळवले होते. तिला जिथं जायचं होतं, किनारा का झिजतो ते शिकायला, तिथं वर्बलमध्ये निदान दीडशे हवे होते. अर्ज पाठवायला दीड महिना उरला होता. परीक्षा पुन्हा एकदा देता येणार होती. तेव्हाही नाही जमलं, तर वर्ष गेलं. आणि आमच्याकडे चोवीस वर्षांच्या पोरीचं एक वर्ष जातं म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. दोन स्थळं आधीच विचारून गेली होती. मला दुसरीतून काढलं तेव्हा कुणी भांडलं नाही. मी मात्र भांडणार होते.

दुसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसले आणि अमिषाला घेऊन रिक्षानं अलिबागला तिच्या क्लासमध्ये गेले. तिथल्या मॅडमचं नाव मृणाल. काचेचं टेबल, त्यावर एक खोटं झाड.

“तुम्ही शिकवलंत काय हिला?” मी उभ्यानंच विचारलं.

मॅडम हसल्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. अमिषाचे सोडवलेले पेपर काढले आणि बोट ठेवून दाखवत गेल्या. “शब्द हिनं भरपूर पाठ केलेत, आजी. चुकतं ते एकाच जागी. उताऱ्यातला लेखक कुणाच्या बाजूनं आहे, कुणाच्या विरोधात आहे, ते विचारलं की ही हमखास चुकते. विरोधात असणाऱ्यालाही ती बाजूचा समजते.”

“मंग ते शिकवा.”

“तुम्ही इतक्या लांबून स्वतः आलात, मला फार कौतुक वाटतं,” मॅडम म्हणाल्या. “अमिषा गुणी आहे. पण भाषेचा कान कसा, लहानपणी घरातूनच मिळतो. त्याला ती बिचारी काय करणार? अशा वातावरणातून येऊन तिनं एवढं केलं, हेच खूप आहे. पुढच्या वर्षी निवांत बघू ना.”

जिना उतरताना अमिषाचा चेहरा खुलला होता. “बघ, मॅडम किती चांगलं बोलल्या. तू उगाच भांडायला आलीस.”

मी पायरीवरच थांबले. “चांगलं बोलली?”

“गुणी बोलल्या. कौतुक वाटतं बोलल्या.”

“ती आपल्या घराला अडानी बोलली. तुला बिचारी बोलली. मना तर लांबून आलेली बोलली, म्हनजे परत येऊ नको. आनि हे सगलं पानी पाजून.”

अमिषा माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळलं नव्हतं. तिथं, त्या जिन्यात, माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीला इंग्रजी कमी नव्हतं. गोड शिवी ऐकू न येणारे कान होते तिचे. आणि ते कान आम्हीच केले होते. आमच्या घरात कुणी विरोधात असलं की ताट आपटतं. माझी सून रागावली की कपडे धुताना आख्ख्या आळीला कळतं. केसरला मी आवडत नाही हे केसर रोज सकाळी सांगते. अशा घरात वाढलेल्या पोरीला वाटणारच, की जो ओरडत नाही तो आपला.

“उद्यापासून बाजारात बसायचं,” मी म्हटलं.

“मना अभ्यास हाय.”

“तोच हाय अभ्यास.”

ती तणतणली. तिच्या आईनं भांडी आपटली. सदा म्हणाला, पोरीच्या कपड्यांना वास लागेल. मी कुणाचं ऐकलं नाही. रोज सकाळी दोन तास अमिषा माझ्याशेजारी बसायची, नाकाला रुमाल लावून, मांडीवर शब्दांची वही. आमच्याकडे सुकी मासळी घ्यायला गावातली माणसं येतात तशी बंगलेवाली माणसंही येतात. बंगलेवाली कधी नाही म्हणत नाहीत.

पहिल्याच दिवशी एक बाई आली. पाच मिनिटं सोडे चिवडले. “मावशी, तुमच्याकडे नेहमीच छान असतं हो. पण आज घरी पाहुणे आहेत ना, म्हणून राहू दे.” आणि गेली.

“काय बोलली?” मी विचारलं.

“पाव्हणे हायत म्हणून नको.”

“पाव्हणे आले की मानूस जास्ती घेतो का कमी?”

अमिषानं रुमाल काढला. “वास येतो म्हणून?”

“वास येतो म्हनून. लिव वहीत.”

मग एक साहेब आला. “गेल्या वेळचे सोडे अजून घरात सगळ्यांच्या आठवणीत आहेत,” म्हणाला आणि पुढे सरकला. अमिषा हसून त्याला थँक्यू म्हणाली.

“वालू निघाली व्हती त्यांत,” मी म्हटलं.

केसर पदरात तोंड घालून हसली. “तुझ्या सोड्यांत वालू असतेच,” ती म्हणाली. मी अमिषाला म्हटलं, “हे बघ. हे सरल हाय. हे परीक्षेत येत न्हाय.”

दहाव्या-बाराव्या दिवशी तिला ऐकू यायला लागलं. गिऱ्हाईक वळायच्या आत ती कुजबुजायची, “‘पन’ म्हनाला, आजी. ‘पन’च्या आधीचं सगलं खोटं.” घरीही ऐकू यायला लागलं. माझी सून एकदा जेवताना म्हणाली, “सासूबाईंचं काय, त्यांना सगलंच कलतं.” अमिषा फसकन हसली. सून दोन दिवस बोलली नाही, आणि ते दोन दिवस घर कधी नव्हे इतकं शांत होतं.

दुपारी आम्ही उतारे घ्यायचो. ती इंग्रजी वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची. मी उत्तर द्यायचे, ती पुस्तकात मागे छापलेलं उत्तर बघायची.

“कुनीतरी एका चित्रकार बाईवर पुस्तक लिवलंय. ह्या लेखकाचं म्हननं, पुस्तक फार कालजीनं लिवलंय, याद्या लांब हायत, आनि ज्याच्याकडं धीर हाय त्याला त्यात पुष्कल सापडंल.”

“कंटाला आला त्याला. वाचवलं न्हाय.”

तिनं मागे पाहिलं. “बरोबर.”

दुसऱ्यात एक माणूस म्हणत होता, की अमक्या शास्त्रज्ञाची कल्पना तिच्या काळाला शोभेशी होती. “म्हनजे आता टाकून द्या,” मी म्हटलं. तेही बरोबर. माझं वाचन बाजारातल्या पाट्यांपुरतं. पण ही इंग्रजी माणसं मला नवी नव्हती. तोंड धुतलेलं, बाकी आमच्यासारखीच.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी बारा उतारे झाले. अकरा मी बरोबर सांगितले. बाराव्यात एक बाई आपल्या म्हाताऱ्या गुरूबद्दल लिहीत होती. तो दुर्बिणीच्या काचा घासायचा. त्याच्यामुळे आपल्याला बघता आलं, असं तिचं म्हणणं.

“खोच हाय,” मी म्हटलं.

“नाय आजी. पुस्तक बोलतं, खरी प्रशंसा.”

“पुन्हा वाच.”

तिनं वाचलं. मी ‘पण’ शोधला, नव्हता. याद्या नव्हत्या, धीर नव्हता.

“मंग शेवटी मागते काय ती?”

“काय मागत नाय.”

“मेलाय का तो?”

“जिवंत हाय.”

“मंग फुकट कोन कुनाबद्दल चांगलं बोलतं?”

अमिषा माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पान उलटलं. “हे तुझं एकच चुकतं,” ती म्हणाली. “माझं उलटं व्हतं.”

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मांडव्याहून बोटीनं मुंबईला गेली आणि पुन्हा परीक्षा दिली. दुपारी फोन आला.

“एकशे पंचावन्न.”

“एकशे सत्तरपैकी ना? म्हनजे पंधरा राह्यले,” मी म्हटलं. फोन ठेवला आणि केसरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुनेला मार्क सांगितले.

अर्ज गेला. मार्चमध्ये पत्र आलं, पैसे तिकडचे लोकच देणार असं त्यात होतं. क्लासवाल्या मॅडमनी फोटोसाठी बोलावलं. भिंतीवर अमिषाचा फोटो लागणार, खाली त्यांचं नाव. मी म्हटलं, जायचं न्हाय. ती म्हणाली, जायचं, तू पण चल.

मॅडमनी पेढा दिला. अमिषा हात जोडून म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी तुम्ही आजीला जे बोललात ना, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ते तुम्ही बोलला नसतात, तर मी इथवर पोचलेच नसते.”

मॅडमचे डोळे भरून आले. तिला जवळ घेतलं.

रिक्षात बसेपर्यंत मी हसू दाबलं. मग आम्ही दोघी रेवदंडा येईपर्यंत हसत होतो. घरी उतरल्यावर मात्र माझं हसू थांबलं. तिचा एक शब्दही खोटा नव्हता, एकही चढा नव्हता. मला सत्तर वर्षांत असं बोलता आलं नाही.

ऑगस्टमध्ये ती निघाली. सदानं कुणाची तरी गाडी आणली होती. बॅगा ठेवून झाल्या. तिची आई रडून घेत होती, तेवढ्यात अमिषा माझ्या पाया पडायला वाकली.

मी विचारलं, “दोन वर्सांचं हाय ना शिक्षन? मंग येशील ना हितं? किनारा आपलाच झिजतोय. अलिबागला हापिसं हायत, तितं काम बघ.”

तिनं माझे दोन्ही हात धरले. “आजी, तुझ्यामुलं मी चाललेय. तू नसतीस तर मना काय जमलं नसतं. तू जे शिकवलंस, ते मना दुसऱ्या कुनीच शिकवलं नसतं.”

मी ऐकत होते. मी विचारलं काय होतं, आणि ती सांगत काय होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि ते खरं होतं. मी ‘पण’ शोधला. नव्हता. खोचही नव्हती. फक्त माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तिला माहीत होतं, मला ऐकू आलंय. तिनं नजर खाली घेतली नाही. दुसरी कुणी असती तर मी तिथंच तिला उभी सोलली असती. हो का नाही ते बोल, असं दटावलं असतं. तोंडात आलंही होतं.

“नीट जा,” मी म्हटलं. “तोंड धुवून घे, काजल पसरलंय.”

दुसऱ्या दिवशी मी बाजारात बसले. वरून प्लास्टिक बांधलं होतं, तरी पावसाचा तिरपा मारा पाटीपर्यंत येत होता. गिऱ्हाईक कमी. केसरनं आपला बसायचा पाट माझ्याकडे सरकवला, म्हणजे विचारणार होती.

“गेली?”

“गेली.”

“परत कवा येनार?”

“येईल की. दोन वर्सांनी. बोललीय मना तसं.”

केसरनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती माझ्या शेजारी बसते. माझ्या तोंडून काय कसं निघतं ते तिला माझ्या मुलापेक्षा जास्त कळतं. आता ती बोलेल, आणि भर बाजारात बोलेल, म्हणून मी पदर खोचला.

“येईल गो,” केसर म्हणाली. “न यायला काय झालं. चांगली पोर हाय.”

आणि ती तिच्या पाटीतल्या सुक्या वाकट्या सारख्या करायला लागली.

अकरा वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा गोड बोलली. मी पाटीकडे वळले. ओलसर झालेले बोंबील एकेक करून उलटे केले.