दगड लागलेली काच

"निकालाच्या दिवशी पोराला गच्चीवर नेऊ नकोस, आणि गाडी उघड्यावर ठेवू नकोस," असं उम्म लमारनं मला बजावलं होतं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

उम्म लमार, म्हणजे लमारची आई, आमच्या शेजारच्या इमारतीत राहायची. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे गुडघाभर उंचीची भिंत. कपडे वाळत घालता घालता आमची ओळख झाली. मी लग्न करून या झरका शहरात आले तेव्हा मला इथलं कोणी माहीत नव्हतं; यमान पोटात असताना माझ्या ओकाऱ्यांवर लिंबाचं लोणचं तिनंच दिलं.

"वर मारलेली गोळी खाली येतेच ना गं," ती म्हणाली. "तिला काय वर घर आहे?"

"एवढ्या मोठ्या झरक्यात ती माझाच पत्ता शोधत येणार का, उम्म लमार?" मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेली. असली उत्तरं माझ्या जिभेवर तयार असतात.

"पत्ता शोधत नाही, म्हणूनच तर भीती," ती म्हणाली आणि चिमटे गोळा करून खाली गेली.

यमानला मी त्या दिवशी घराबाहेर काढलं नाही. तेवढी भित्री मी आहेच. तो झोपला की नाकाखाली बोट धरून बघते. गाडी मात्र फाटकातच होती, तोंड घराकडे करून.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला की आमच्याकडे काय होतं ते जो इथे राहिला त्याला सांगायला नको. दुपारपासून आनंदाच्या गोळीबारानं आकाश फुटत होतं. माझी नणंद तालीन पास झाली होती, आणि सासूबाई, हाज्जा फिद्दा, येईल त्याच्या तोंडात कुनाफ्याची मिठाई कोंबत होत्या. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली आणि बंदुका शांत झाल्या. लोक जेवायला बसले.

तेव्हा माझा धाकटा दीर हैसम अकाबाहून पोहोचला. उशीर झाला म्हणून चेहरा पडलेला.

"बहीण पास झाली आणि आपल्या घरातून आवाज नाही?" जिन्यातूनच त्याचं सुरू झालं. "लोकांना वाटेल नापास झाली, दडवून ठेवलीये."

"झाले की रे फटाके," तालीन म्हणाली.

"फटाके! वाण्याच्या पोराच्या सुंतेला फटाके लावतात. चल वर."

सगळे वर गेले. यमानला कडेवर घेऊन मी जिन्याच्या दारातच थांबले. तिथून गच्ची दिसत होती. हैसमनं पिस्तूल वर करून मारायला सुरुवात केली, हाज्जांनी जीभ हलवून आनंदाची किलकारी दिली. मग पिस्तूल अडकलं. तो शिवी देऊन ते खाली धरून खेचायला लागला. नळी फिरली, आणि ते सुटलं. पहिली गोळी शेजारच्या गच्चीकडे गेली. दुसरी खाली, आमच्याच गाडीच्या पुढच्या काचेत.

"अरे, गाडीलाही पास केलंस!" माझा नवरा रकान ओरडला, आणि सगळे हसले. मीही हसले असेन.

मग भिंतीपलीकडे प्लास्टिकची टोपली पडल्याचा आवाज आला.

उम्म लमारनं नऊ वर्षांच्या मुलीला दिवसभर घरात कोंडून ठेवलं होतं. सगळं शांत झालं, म्हणून तिला कपडे आणायला वर पाठवलं.

भिंत ओलांडून लमारला उचललं ते रकाननंच. जिने उतरून, शेजाऱ्याच्या टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं ते त्यानंच. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे. आणि टॅक्सीत तिच्या आईला "वरून आली, कुठून तरी वरून आली" असं सांगितलं, तेही त्यानंच. उम्म लमार तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिनं काही पाहिलं नव्हतं. दिवसभर सगळं शहर गोळ्या झाडत होतं. एक गोळी कोणाची, हे कोण सांगणार?

हैसम जेवला नाही. त्याच पावली अकाबाला परत गेला.

सकाळी हाज्जा माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. डोळे रडून सुजलेले होते, पण आवाज घट्ट.

"पोलीस गल्लीत विचारत फिरतायत. आधी ती काच बदलून आणा. काच बघून कोणीही सांगेल गोळी कुठून आली ते."

"हाज्जा, पोरगी अजून..."

"पोरगी देवाच्या हातात आहे. माझा पोरगा कोणाच्या हातात आहे, ते मी बघते. तू आणि यमान बसा गाडीत. बाई आणि लेकरू असलं की चौकीवर गाडी थांबवत नाहीत."

म्हणजे मी आणि माझं पोर, आम्ही पडद्याचं काम करायचं होतं. भोकावर 'मबरूक तालीन' असा अभिनंदनाचा कागदी फलक चिकटवला आणि आम्ही निघालो. रकाननं गाडी कारखान्यांच्या वस्तीकडे घेतली. मी मागे, सीटला बांधलेल्या यमानच्या लहान खुर्चीशेजारी. फलकाच्या कडेनं काचेला गेलेले तडे उन्हात चमकत होते. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात ते बारीक करकरत.

काचवाल्या अबू शौकतच्या दारात गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या काचा, मागच्या काचा, एकाचं तर छतच. सगळ्यांची भोकं सारखी.

अबू शौकतनं फलक वर करून पाहिलं आणि परत सोडला.

"मबरूक. पण गोळीच्या भोकाला मी हात लावत नाही. पोलिसांचा कागद आण."

"उस्ताद, घरचीच गाडी आहे, घरच्याच..."

"मी विचारलं का कोणाची? कागद नसेल तर दुकान बंद करतात माझं. दगड लागला असता तर गोष्ट वेगळी. दगडाला कागद लागत नाही." एवढं बोलून तो पाठ फिरवून चहा ओतायला लागला.

बाकावर बसलेला एक जाडा टॅक्सीवाला म्हणाला, "काल आख्ख्या झरक्यावर दगडांचा पाऊस झाला म्हणे. माझ्या दगडातून तर तांबं निघालं!"

"गप रे," दुसरा म्हणाला, "माझा दगड अजून सीटमधे आहे, बायको त्यावरच बसून आलीये."

लोक हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. त्यांच्या गाड्यांवर कोणीतरी दुसऱ्यानंच गोळ्या मारल्या होत्या, आणि कागदासाठी पोलिसात गेलं तर ज्यानं मारली त्याचं नाव सांगावं लागेल, तो उद्या भाऊबंदातलाच निघेल. म्हणून दरवर्षी इथे असंच चालतं. दुकानामागे एक मोकळी जागा होती, आणि तिथे दगड होते. कोणीतरी आणून ठेवल्यासारखे, हातात मावतील असे.

रकाननं गाडी मागे घेतली. "उतर," मला म्हणाला. यमान झोपला होता, मी त्याला उचलून भिंतीच्या सावलीत उभी राहिले.

त्यानं फलक काढला. दगड उचलला आणि भोकावर मारला. गाडीची पुढची काच घरातल्या ग्लासासारखी फुटून पडत नाही. आत चिकट पापुद्रा असतो. ती आत दबली, पांढरी झाली, पण भोक तसंच राहिलं. पुन्हा मारला. पुन्हा. त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं. काल याच हातांनी त्यानं त्या मुलीला उचललं होतं. यमान दचकून उठला आणि रडायला लागला, आणि रकान आमच्याकडे न बघता मारतच राहिला, भोकाच्या जागी मोठा फाटका खळगा होईपर्यंत.

"आता झाला दगड," पुढे आल्यावर अबू शौकत म्हणाला. त्यानं रकानच्या हाताकडे पाहिलं आणि पुसायला चिंधी दिली. 

काचेच्या कडेच्या गोंदात तार घालून अबू शौकत आणि त्याच्या मदतनिसानं ती दोन बाजूंनी करवतीसारखी ओढली. रबरी वाट्या चिकटवून जुनी काच उचलली. ती मधे लोंबत होती, ओल्या गोधडीसारखी. भिंतीशी आधीच तशाच काचांची चळत होती, तिच्यावर ती टाकली, आणि तेवढ्यात आमची कुठली ते ओळखू येईना. मी टक लावून पाहत होते, तरी.

चुरा साफ करायचा म्हणून मी यमानची खुर्ची बाहेर काढली. रकाननं घरी सगळी गाडी धुंडाळली होती, पायपोस झटकले होते, गोळी सापडली नव्हती. पट्ट्याच्या फटीत एक कण दिसला म्हणून मी गादीत बोट घातलं, आणि बोटाला ती लागली. खांद्याच्या टेकूच्या आत. यमानचं डोकं जिथे टेकतं, त्याच्या बाजूला.

मी ती ओल्या रुमालात गुंडाळून लंगोटांच्या पिशवीत टाकली.

नवी काच बसली. कडेनं चिकटपट्ट्या लावून अबू शौकत म्हणाला, "दुपारपर्यंत हलवू नका. दार आपटू नका, खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर गोंद सुटेल." आम्ही सावलीत बसलो. काच इतकी स्वच्छ होती, जणू नाहीच. फोन वाजला. तालीनचा संदेश होता: लमार गेली.

मी रकानला दाखवला. त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग हळूच विचारलं, "ती सापडली का तुला? गोळी?"

"नाही," मी म्हणाले.

माझ्याकडे त्यानं असं पाहिलं की त्याला कळलं असावं. पण तो पुढे काही बोलला नाही. यासाठी मी आजही त्याला पुरता दोष देऊ शकत नाही.

दुखवट्याच्या घरी हाज्जांनी भाताचं मोठं पातेलं पाठवलं, आणि ते घेऊन मलाच जायला सांगितलं. बायकांच्या खोलीत उम्म लमार गादीवर बसली होती. येणारी प्रत्येक बाई तिच्या कपाळाला ओठ टेकवून म्हणे, वरून आली, नशिबात होतं. आणि ती प्रत्येकीला एकच विचारी, "कोणी?"

माझी पाळी आली. "कोणी, उम्म यमान?"

बाजूला बसलेल्या बाया कडू कॉफी पीत होत्या. मी तिचे हात हातात घेतले आणि ओला रुमाल तिच्या मुठीत ठेवला.

"आमच्या गाडीतली आहे. आमच्याच गच्चीवरून. हैसम."

तिनं मूठ मिटली. मला ढकललं नाही, शिवी दिली नाही. "पोर कुठंय तुझं?" एवढंच विचारलं. घरी आहे म्हटल्यावर म्हणाली, "जा. एकटं ठेवू नकोस."

पोलिसांनी हैसमला अकाबातून आणलं. मग जे होतं ते झालं. आमच्याकडचे वडीलधारे जमले, डोक्याला पांढरे-लाल रुमाल बांधलेल्यांची मोठी रांग शेजारच्या घरात गेली. त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. त्यांनी ती शिवली नाही. मागणं मान्य झाल्याशिवाय शिवत नाहीत. मागणं होतं, खटल्याचा हक्क सोडा. लमारचा बाप, अबू लमार, बसचालक आहे, साधा माणूस. त्याचे काका-मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. शेवटी त्याच्याच तोंडून आलं, "कॉफी प्या." त्यांनी प्याली. कपांचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत आला, कारण कोणी बोलत नव्हतं. उम्म लमारला कोणी विचारलं नाही. ती वरच्या मजल्यावर होती. थोड्याच महिन्यांत हैसम घरी परतला, आणि हाज्जांनी या वेळी किलकारी दिली नाही, एवढंच.

मला मात्र ती कॉफी झाली त्याच आठवड्यात माहेरी, अजलूनला पाठवलं. "दिराला विकणारी बाई" असं हाज्जा जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. रकान मुलाला भेटायला येतो. दारात उभा राहतो, आत येत नाही. मी विचारते, "उम्म लमार कशी आहे?" तो म्हणतो, "दिसत नाही."

तिचा फोन लागत नाही. अबू लमार पहाटे बसवर जातो, अंधार पडल्यावर येतो. बायांचं येणं-जाणं थांबलं आहे. कॉफी पिऊन झाली म्हणजे गोष्ट मिटली, असं सगळे धरून चालतात, आणि मिटलेल्या गोष्टीच्या घरी जायला लोकांना अवघड वाटतं. तालीन चोरून फोन करते. ती सांगते, त्या गच्चीवर कपडेच दिसत नाहीत हल्ली. धुतेच की नाही कोण जाणे. जेवते की नाही.

मला त्या गल्लीत पाऊल ठेवता येत नाही. तुमच्यापैकी कोणी झरक्यात असेल, किंवा कोणाचं कोणी तिथे असेल, तर एकदा जाऊन या. बस तळाच्या मागची गल्ली, हिरव्या फाटकाच्या शेजारची इमारत, वरचा मजला. सांत्वन करायला नको, नशिबाचं काही बोलायला नको. काहीतरी शिजवलेलं न्या आणि तिच्यासमोर बसून तिला खायला लावा. ती दार लगेच उघडणार नाही. म्हणून परत फिरू नका. हाक मारा, तिच्या स्वतःच्या नावानं, मुंतहा म्हणून. आणि ती कशी आहे, ते मला कळवा.