मिलोयकाची डहाळी

"बंद आहे," मी पुन्हा म्हणाले. त्या माणसाने पुन्हा हसून मान डोलावली आणि गाडीचं दुसरं दार उघडलं.

दारातून आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा. ती त्याची बायको. ती नीट उभी राहीपर्यंत तो तिच्या कोपराला हात न लावता, पण हात जवळ धरून थांबला होता. ते बघितल्यावर आणखी एकदा 'बंद' म्हणायला माझी जीभ उचलेना.

मला जर्मन येते ती तरुणपणी ऑस्ट्रियात हॉटेलातल्या चादरी बदलल्या तेवढीच. 'खोली झाडू का?' हे मी अस्खलित विचारते, बाकी सगळी ओढाताण. त्याचीही जर्मन उसनीच होती. तो हॉलंडचा, नाव वीबे, बायको मराइके. त्याने तिठ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "डहाळी."

मग माझ्या लक्षात आलं.

आमच्या क्रासच्या पठारावर नुसता दगड आणि वारा. हॉटेलं शोधायला इथे कुणी येत नाही. इथे घरंच उघडतात. ज्याच्या वाइनचं पिंप तयार झालं तो आठ दिवसांची परवानगी काढतो, अंगणात बाकं मांडतो, घरची वाइन, घरचं वाळवलेलं मांस, अंडी, चीज, पाव ठेवतो आणि तिठ्यावरच्या खांबाला आयव्हीची डहाळी बांधतो. डहाळ्या बघत जायचं आणि त्या नेतील तिथे बसायचं. त्याला आम्ही ओस्मित्सा म्हणतो. आठ दिवस संपले की घरचा माणूस जातो आणि डहाळी उतरवतो.

आमच्या घरचा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ लोयझे. गेल्या शरदात ओस्मित्साच्या शेवटच्या दिवशी तो पाव कापता कापता खाली बसला. त्याला इस्पितळात नेलं, घरी आणलं, आणि द्राक्षवेलींच्या छाटणीच्या दिवसांत तो गेला. डहाळी तिठ्यावर राहिली. हिवाळाभर बुर्या नावाचा वारा सुटला, त्याने गावातल्या विझिंतीनच्या गोठ्याचं छप्पर नेलं, डहाळी काही नेली नाही. गावात कुणी तिला हात लावला नाही. दुसऱ्याच्या घरची डहाळी उतरवत नाहीत, आणि मिलोयकाला कोण सांगणार की बाई, तुझ्या नवऱ्याची डहाळी अजून लटकतेय? ती करड्या रंगाची झाली होती. वाळकी डहाळी म्हणजे बंद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणूनच परक्याला सांगायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. आदल्या मुक्कामी कुणीतरी या दोघांना सांगितलं होतं, डहाळीमागे जा. अर्धंच सांगितलं होतं.

मी त्याला पलीकडच्या गावाचा रस्ता समजावू लागले. तिथे विझिंतीनच्या चुलतभावाचं अंगण त्या दिवसांत उघडं होतं. तेवढ्यात कोंबड्यांची बादली घेऊन मिलोयका मागून आली.

मिलोयका माझी वहिनी. समुद्राकाठच्या मिठागरातली पोर, लग्न होऊन या दगडात आली. ओस्मित्सा लोयझेची. गावात, शेजारच्या गावात, पार त्रिएस्त शहरापर्यंत सगळे तसंच म्हणायचे. पाहुण्यांत फिरायचा तो, गप्पा मारायचा तो, मांस कापायचा तो. त्याने कापलेला काप दिव्यापुढे धरला तर पलीकडची ज्योत दिसायची. मिलोयका आत. अंडी उकडतेय, पाव भाजतेय, ताटं विसळतेय. एकदा तिने हौसेने सुरी हातात घेतली, तर लोयझे चार लोकांत म्हणाला, "हिचा काप जपून ठेवा रे, बुटाला तळवा लावायला होईल." सगळे हसले. तीही हसली. पण त्यानंतर तिने त्या सुरीला हात लावला नव्हता.

आता ती कुणालाच कशाला हात लावू देत नव्हती. ओस्मित्सा संपली, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बंदरावर नोकरी करणाऱ्या तिच्या मुलाला, बोरुतला, ते पटलं होतं. त्यानेच त्रिएस्तचा एक व्यापारी गाठला होता. तळघरात लोयझेच्या हातच्या तेरानचं, म्हणजे आमच्या तांबड्या वाइनचं, एक पिंप उरलं होतं, ते न्यायला व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. पिंप गेलं की अंगणाला कुलूप.

"कोण आहेत?" मिलोयकाने विचारलं.

मी सांगितलं. चुकून आलेत, वाळकी डहाळी बघून. तिचा चेहरा हलला नाही. मी घाईघाईने म्हणाले की मी त्यांना पाठवतेच आहे पलीकडे.

"कुठे पाठवतेस? विझिंतीनच्या भावाकडे?" ती म्हणाली. "आमची डहाळी बघून आलेली माणसं त्याच्याकडे?"

"अगं पण वाळकी—"

"वाळकी असली तरी कुणाच्या घरची आहे?"

रागावली की ती मला नावाने हाक मारत नाही. म्हणाली, "वन्सं, बाक पुसा."

मी पुसलं. तुतीखालचं बाक, हिवाळाभर पाचोळा आणि पाखरांची घाण. वीबे मदतीला आला. मदत करता करता सांगत होता की ते दोघं बरेच दिवस गाडीने फिरताहेत, रोज संध्याकाळी जेवायला एखादी चांगली जागा शोधायची एवढाच बेत. मराइकेला झटका आल्यापासून उजवा हात नीट चालत नाही. ती जेवते, पण सावकाश. मोठमोठ्या ठिकाणी गेले, पांढरे टेबलक्लॉथ, उंच पेले. वेटर भले असायचे, पण तिचं निम्मं होण्याआधी ते येऊन विचारायचे, झालं का? मग ती म्हणायची, झालं. आणि उपाशी उठायची. "चव मिळते सगळीकडे," तो म्हणाला. "वेळ मिळत नाही."

हे मी मिलोयकाला सांगितलं. ती मराइकेकडे बघत राहिली. शेवटच्या दिवसांत लोयझेचं सुपाचं वाडगं संपायला विहिरीवरचं ऊन तुतीपर्यंत यायचं. ती समोर बसून असायची, हातात विणकाम घेऊन, म्हणजे आपण त्याच्यासाठी थांबलोय असं त्याला वाटू नये.

ती बादली ठेवून वळली. तळघरात गेली. मी दिवा घेऊन मागे. तिने भिंतीवरची लाकडी तोटी काढली आणि हातोडा उचलला, तेव्हा मला कळलं.

"वहिनी, तोटी ठोकलीस की ते पिंप विकलं जायचं नाही. उद्या तो माणूस येणार आहे."

"येऊ दे की. त्यालाही बसव."

"बोरुत काय म्हणेल?"

"बोरुत म्हणेल आईला वेड लागलं. तू काय म्हणतेस?"

मी दिवा जरा वर धरला. तिने एकाच घावात तोटी बसवली. लोयझेला दोन लागायचे. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते, भाऊ होता शेवटी.

माळ्यावरची डुकराची तंगडी आम्ही दोघींनी उतरवली. ती लोयझेने मीठ लावून वाळवलेली, दोन हिवाळ्यांचा वारा खाल्लेली. सुरी कपाटात फडक्यात गुंडाळलेली होती. मिलोयकाने ती सोडवली, अंगठ्यावर धार बघितली आणि अंगणात, पाहुण्यांच्या समोर, उभी राहून कापायला लागली. पहिला काप जाड. दुसरा तिरका. तिचे कान लाल झालेले मला दिसले. पण ती आत गेली नाही.

ताट मांडलं. मराइकेने डाव्या हाताने एक काप उचलला, पावावर ठेवायला तिला बराच वेळ लागला. मिलोयका समोरच्या बाकावर बसली आणि विणकाम काढलं.

गावात बातमी पसरायला आमच्याकडे फोन लागत नाही, अंगणातला दिवा पुरतो. आधी शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी राहिली, मग खुर्ची घेऊन आत आली. मग तिचा जावई अंडी घेऊन. कुणी विचारलं नाही की उघडं कसं. कुणीतरी मुळा किसून आणला. पाहुण्यांना वाटलं, ही सगळी रोजची गिऱ्हाइकं. शेवटी विझिंतीन आला, लोयझेचा जन्माचा वैरी आणि जन्माचा जोडीदार. टोपी काढली, ताटातला एक काप उचलला आणि दिव्यापुढे धरला.

सगळ्यांनी माना वळवल्या. ज्योत काही दिसत नव्हती.

"दिसतं का काही?" मिलोयकाने सुयांवरून नजर न काढता विचारलं.

विझिंतीनने काप तोंडात टाकला, चावला, बराच चावला. मग म्हणाला, "लोयझेचा काप कधी संपायचा कळायचंच नाही. हा कळतो."

"मग चाव. घाई कुणाला आहे?"

म्हातारी आधी हसली, मग सगळे. मी मराइकेला अर्थ सांगितला, ती सगळ्यांत शेवटी हसली आणि सगळ्यांत जास्त वेळ. तिने ताट पुसून संपवलं, पावाच्या तुकड्याने कडासुद्धा. मध्ये एकदा तिचा हात थांबला आणि तिने सवयीने इकडे तिकडे बघितलं, कुणी ताट न्यायला येतंय का. कुणी येत नव्हतं. मिलोयकाचा मोजा टाचेपर्यंत आला होता.

निघताना वीबेने पाकीट काढलं. मिलोयकाने मान हलवली. मला म्हणाली, "सांग त्याला, माझ्याकडे विकायची परवानगी नाही. जेवू घालायला कुणाची लागते?"

मी सांगितलं, जमेल तसं. त्याने पाकीट खिशात ठेवलं आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. मराइकेने मात्र आपला डावा हात तिच्या गालाला लावला. तेवढंच. गाडी गेली.

व्यापारी सकाळी आला. त्याला बसवलं. जेवून गेला, आणि जाताना विचारलं की पुन्हा कधी उघडणार. बोरुतने फोनवर आईला बरंच सुनावलं, तिने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की रविवारी लवकर ये, बाकं उचलायची आहेत. मग शहराच्या कपड्यांत कचेरीत जाऊन आठ दिवसांची परवानगी काढून आली.

उघडायच्या दिवशी सकाळी मी तिला गाडीने तिठ्यावर नेलं. मागच्या भिंतीवरची हिरवी आयव्ही तिने स्वतः कापली होती. वाळकी डहाळी काठीच्या आकड्याने खाली ओढली. लोयझेच्या तारेची गाठ घट्ट होती, सोडवायला वेळ लागला. मग त्याच तारेने ती हिरवी बांधू लागली, हात पुरेल तिथे. बाकीच्या घरांच्या डहाळ्या त्याच खांबावर वर, पुरुषभर उंचीच्याही वर.

"शिडी आणू का?" मी म्हटलं.

"दरवेळी शिडी कोण आणणार?"

विझिंतीन ट्रॅक्टरवरून चालला होता. थांबला. "दे इकडे, वर बांधतो. लोयझेची तिथे असायची."

"लोयझेची असायची," ती म्हणाली आणि गाठ आवळली.

त्याने वर बघितलं, खाली बघितलं. मग टोपीला बोट लावून निघून गेला. त्याच दिवशी दुपारी त्याने कुणा वाटसरूला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, खालची ती मिलोयकाची, तिच्यामागे जा.

डहाळी बांधून मिलोयका गाडीत येऊन बसली. "इथून दिसते का?"

दिसत होती. गाडीत बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांसमोर.

वाळकी डहाळी तिने टाकली नव्हती, मांडीवर घेतली होती. तिच्या काळ्या स्कर्टवर पानांचा भुगा पडत होता. तो झटकायला मी हात पुढे केला, तर तिने माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, "चल, अंडी उकडायची आहेत."