गवंड्याच्या डोळ्यांची परीक्षा

बसा जरा टेकून, एका गवंड्याची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण डोकं तापेल, आधीच सांगून ठेवतो.

त्याला सगळे ओळंब्याच म्हणायचे; ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची वजन बांधलेली दोरी. भिंत किती झुकलीय ते गडी नुसत्या नजरेनं सांगायचा. वर्षापूर्वी त्याच्या मेंदूतली गाठ काढली. वाचला, पण चक्कर काही पाठ सोडेना. डॉक्टर म्हणाले, तोल तपासल्याशिवाय बांबूंच्या उंच परांचीवर पाय ठेवायचा नाही. आता परांचीवर न चढणारा गवंडी कसला हो?

तपासणीच्या आधी दोन दिवस चक्कर थांबवायची गोळी बंद, असं बजावलं होतं. यानं सकाळी गुपचूप गिळली. पास व्हायचं ना! तोल बघतात डोळ्यांच्या हालचालीवरून; गोळीनं डोळेच सुस्तावले, तपासणी फुकट. दुसऱ्या वेळीही तेच. तपासणाऱ्या ताईंनी दोन्हीदा हात जोडून परत पाठवला.

तिसऱ्यांदा बायकोनं गोळ्या स्वतःच्या पर्समध्ये कोंबल्या. "आता गिळा काय गिळायचंय ते!"

ताईंनी डोळ्यांवर आत कॅमेरा असलेला काळा चष्मा चढवला, कानात गार पाणी सोडलं. डोळे लागले उधळायला.

"झोपू नका. हत्यारांची नावं घ्या."

"थापी, गुण्या, ओळंबा... आई गं, खोली फिरतेय!"

"फिरू दे, सगळ्यांचंच होतं. आता चष्म्यात लाल दिवा लागेल. त्यावर नजर रोखा, म्हणजे डोळे थांबायला हवेत."

"एवढंच? जन्मभर दुसरं काय केलंय?"

दातओठ खाऊन त्यानं नजर रोखली. तिकडे ताईंसमोरच्या पडद्यावर डोळे आपले धावतायतच.

"ताई, तुमचा दिवाच हलतोय."

"दिवा घट्ट बसवलाय, मिस्त्री."

"कुठल्या अडाण्यानं बसवला?"

ताईंनी पुन्हा करून पाहिलं. तेच. "गाठ होती तिथंच या डोळ्यांचा लगाम असतो. तो सैल झालाय. हट्टानं नाही थांबायचे. परांची बंद."

"अजून एकदा बघा की!"

"तीनदा आलात, मिस्त्री."

चष्मा काढला तरी तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. बायकोला म्हणाला, "ही सरळ आहे का गं?"

"आहे."

"मला नाही दिसत."

तेव्हापासून घरात नुसता धुमसतोय, भांड्यांवर राग काढतोय. म्हणून म्हणतो, तुमच्याकडे बांधकाम निघालं तर त्याला बोलवा. खाली खुर्ची द्या, माणसांवर ओरडू द्या. आणि भिंत वाकडी आहे म्हणाला, तर ओळंबा लावून बघा जरूर, पण तो चहाला गेल्यावर.