वातानाबेचं अक्षर

माणसाचं नाव ही त्याला अखेरपर्यंत सोबत करणारी एकमेव वस्तू. गिफूच्या आमच्या छापखान्यात ते जाहिरातीच्या कार्डावर छापायला चार येन जादा पडत.

"आणि एका अक्षरापायी तुम्ही वीस मिनिटं घालवता, ओगुशीसान," नवे व्यवस्थापक ताकामिझावा म्हणाले. "वातानाबे म्हणजे वातानाबे. लोक कार्ड वाचतात, भिंगाखाली धरत नाहीत."

"अक्षर दुसऱ्याचं असलं की धरतात," पडद्यावरची नजर न काढता ओगुशीसान म्हणाल्या.

त्या एकसष्ट वर्षांच्या. जपानी लिपीत वातानाबेचं शेवटचं चित्राक्षर घराण्यागणिक वेगळं. उच्चार तोच, एखादी रेघ इकडची तिकडे. संगणकात नसलेली अशी अक्षरं त्या ठिपक्याठिपक्याने घडवायच्या. एकोणीस वर्षं हेच काम. मी शेजारच्या टेबलावर दरपत्रकं करायचो.

"तुमच्या आडनावातलं 'ताका' हे अक्षरही साधं नाही, त्यात शिडीसारख्या रेघा आहेत, साहेब. उद्यापासून साधं छापू?"

"माझं व्हिजिटिंग कार्ड वेगळं. ते लोकांच्या हातात द्यायचं असतं."

हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

काम होतं कानाच्या यंत्रांच्या दुकानाचं. कार्डावर 'फक्त तुमच्यासाठी' आणि खाली गिऱ्हाइकाचं नाव. ताकामिझावांनी चाचणी ठरवली. अवघड नावांपैकी अर्धी ओगुशीसाननी घडवायची, अर्धी संगणकाच्या सोप्या अक्षरांत जायची. ज्या गटाची कार्डं घेऊन जास्त लोक दुकानात येतील तो जिंकला. ओगुशीसान हरल्या तर त्यांचं टेबल बंद.

दुसऱ्या आठवड्यात दुकानातून फोन आला, कोणीतरी या म्हणून. आम्ही दोघं गेलो. काउंटरसमोर वातानाबे किसाबुरो नावाचे म्हातारे गृहस्थ टाय लावून उभे होते. दोन्ही हातांत कार्ड.

"हे माझं पत्र नाही. ज्याचं असेल त्याला द्या."

"पत्ता तर तुमचाच आहे ना, आजोबा?" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पत्ता माझा. माणूस दुसराच. बायकोच्या थडग्यावर आमचं अक्षर कोरलंय. तिला काय सांगू, तू गेल्यावर नाव बदललं म्हणून?"

ओगुशीसान कमरेतून वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. चूक त्यांची नव्हती. ज्यांची होती ते कार्यालयात चहा पीत होते. मग त्यांनी कागद पुढे केला. म्हाताऱ्यांनी अक्षर लिहिलं.

"वर ठिपका एकच?"

"दोन," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला.

मुलीने कार्ड घेऊन आलेली कार्डं मोजणाऱ्या यंत्राखाली धरलं. आलेल्या कार्डांत एक वाढलं.

बैठकीत आकडे आले. ओगुशीसानची अक्षरं दोन पूर्णांक सहा टक्के, संगणकाची चार पूर्णांक एक.

"ते लोक कार्डं परत करायला आले होते," ओगुशीसान म्हणाल्या.

"आले ना?" ताकामिझावा म्हणाले.

"यंत्रं किती खपली?" मी विचारलं.

"दोन. पण प्रतिसाद बघा."

तक्ता मीच केला होता. त्यात 'का आले' असा रकाना नव्हता, आणि मी तो घातलाही नाही.

एप्रिलपासून ओगुशीसान पाकिटं चिकटवायला बसतात. त्यांनी घडवलेली चारशे बारा अक्षरं जागा अडवतात म्हणून संगणकातून पुसून टाकली. सगळी मिळून ती एका फोटोएवढी जागा घेत होती.