तलावावरची ग्लीम

सूर्य मावळला की अंकुशला दिसत नसे. अंधारात सगळ्यांनाच कमी दिसतं, तसं हे नव्हतं. झाडाखाली बसलेली गाय इतरांना नीट ओळखू यायची, त्या वेळी अंकुशपुढे गायही नसायची आणि झाडही नसायचं. वर आभाळाचा फिकट तुकडा तेवढा उरायचा. दिवसा मात्र त्याची नजर चांगली होती. ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसलेला शिक्रा तो चालत्या गाडीतून बोटानं दाखवी.

हे त्याच्या आईला, सत्यभामाला, माहीत होतं आणि त्याचा मित्र प्रफुल्ल याला. गावाचा समज वेगळा होता. मोहफुलं पडायला लागली की गावातली पोरं पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन रानात जात. अंकुश ऊन पडल्यावर उठे. म्हणून गावानं त्याला आळशी ठरवलं होतं, आणि आळशी म्हणवून घ्यायला अंकुशची हरकत नव्हती. त्याच्या चिंधूमामाचंही असंच होतं. दिवेलागणीनंतर मामा घराचा उंबरा ओलांडत नसे. गाव म्हणे, बायकोला भितो. मामानं ते कधी खोडून काढलं नाही. सत्यभामानं लहानपणी पोराला शेवग्याचा पाला चारला, पपई चारली, बकऱ्याची कलेजी चारली. फरक पडला नाही.

रानाचं अभयारण्य झालं आणि काही वर्षांनी गावाजवळच्या गेटवर गाईड नेमायचं ठरलं. गावातलीच पोरं घ्यायची होती. अंकुश बी.ए. होऊन घरी बसला होता, आणि जंगलातलं त्याला जितकं कळत होतं तितकं दुसऱ्या कशातलं कळत नव्हतं. अडचण एकच होती. गाड्या सकाळी जात आणि दुपारनंतर जात, गाईडांना दोन्ही फेऱ्या आळीपाळीनं कराव्या लागत, आणि दुपारची फेरी परतेपर्यंत सूर्य बुडालेला असे. जो दुपारची फेरी करू शकत नाही त्याला गाईड म्हणून कोण घेणार? अंकुशनं प्रफुल्लबरोबर नाव दिलं आणि डोळ्यांचं कुणाला सांगितलं नाही.

पाहुणे नागपूरचे येत, पण बंगलोरचे, क्वचित परदेशचेही येत. त्यामुळे इंग्रजी बोलता येणं भाग होतं. ते शिकवायला भंडाऱ्याहून तृप्ती येऊ लागली. फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलेली, शिकणाऱ्यांपैकी निम्म्यांपेक्षा वयानं लहान, पण सगळे तिला मॅडम म्हणत. सकाळच्या एसटीनं ती कारध्याचा पूल ओलांडून यायची आणि फाटकाजवळच्या सागाखाली फळा टेकवून उभी राहायची.

तिनं सुरुवात हाय-हॅलोपासून केली नाही. जंगलात आलेला माणूस दोनच प्रश्न विचारतो, असं तिचं म्हणणं होतं. काय दिसतंय, आणि मला का दिसत नाही. म्हणून तिनं आधी दिसण्याचे शब्द घेतले. डोळ्यांना टोचतो तो ग्लेअर. ओल्या किंवा गुळगुळीत वस्तूवर मंद चमक असते ती ग्लीम. तीच थरथरत असेल, आता विझते की काय असं वाटत असेल, तर ग्लिमर. मागे उजेड आणि पुढे वस्तू काळी, नुसता आकार, तो सिलुएट. झाडीतून निसटतं काहीतरी दिसलं आणि गेलं, तो ग्लिम्प्स. धुक्याचेही तिनं दोन भाग पाडले. किलोमीटरभराच्या पुढचं दिसत असेल तर मिस्ट, त्याच्या आतलंही दिसेनासं झालं तर फॉग. "परवा मला पुलावरून कारध्याची घरं दिसत नव्हती," ती म्हणाली, "तो फॉग. काल दिसत होती पण कौलं मोजता येत नव्हती, तो मिस्ट."

ताराचंद हा सगळ्यांत थोरला गाईड. तो आधी दुसऱ्या गेटवर काम करत होता, आता या गेटवर आला होता आणि इंग्रजीसाठी येऊन बसत होता. तो म्हणाला, "मॅडम, आमच्यात त दोनच गोष्टी आहेत. दिसते आन् दिसत नाही."

"मग पाहुण्यानं विचारलं, तिथं काय आहे, तर काय सांगाल?"

"सांगन ना, चितळ आहे म्हणून. पाहुण्याले कायले नाराज करायचं."

सगळे हसले. अंकुशही हसला. त्यानं मात्र हे शब्द ज्या नेटानं पाठ केले तसे दुसऱ्या कुणी केले नाहीत. इतरांना ते शब्द दिसलेलं सांगायला हवे होते. त्याला न दिसलेलं सांगायला हवे होते, आणि त्यासाठी ते अगदी अचूक असायला हवे होते.

सरावाच्या फेऱ्यांत त्याचं निभावलं. जंगलात गाईडांची एक रीत असते. पहिल्याला जनावर दिसलं की तो हळू आवाजात सांगतो, मग मागचा तेच सांगतो, मग त्याच्या मागचा. खरंच दिसलं का असं कुणी कुणाला विचारत नाही. थोरल्यानं पाहिलं म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी पाणवठ्यावर गाडी थांबली की ताराचंद म्हणायचा, "डावीकडं, गवा." मग अंकुश म्हणायचा, बायसन, लेफ्ट साइड, ओन्ली अ सिलुएट. तृप्तीमॅडमनं एकदा त्याचं कौतुक केलं. बाकीचे नुसतं बायसन म्हणून थांबतात, अंकुश उजेड कसा आहे तेही सांगतो, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. त्या दिवशी घरी परतताना तो प्रफुल्लच्या गाडीवर मागे बसला होता. गावाच्या वळणावर प्रफुल्लनं गाडी हळू केली. मग म्हणाला, "अंकुश्या, हे कुठवर चालवशील बे?"

"एकदा नोकरी लागू दे. मग आपण फेऱ्या बदलून घेऊ. तुह्या सकाळच्या मले दे, माह्या दुपारच्या तू घे."

"आन् मी आजारी पडलो त?"



शेवटची परीक्षा एकेकट्याची होती. दुपारची फेरी संपता संपता गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं, मॅडम पाहुणीचं सोंग घेणार, वनखात्याचे राउंड ऑफिसर साहेब ऐकणार. जागा कळल्यावर अंकुशला हायसं वाटलं. तलाव त्याचा लहानपणापासूनचा होता. तरीही परीक्षेच्या आदल्या दिवशी तो दुपारी उन्हात पाळीवर जाऊन उभा राहिला. डाव्या हाताला वाळलेला ऐन, त्याच्या दोन फांद्या शिंगांसारख्या. समोर खडकाचं टेकाड. पश्चिमेचं आभाळ पाण्याच्या नेमक्या कोणत्या पट्ट्यात उतरतं तेही त्यानं पाहून ठेवलं. मग त्यानं वेळेप्रमाणे वाक्यं लावली. ऊन गेल्यावर आफ्टरग्लो, मग फेंट, मग डिम. ऐनासाठी सिलुएट. पाण्यासाठी ग्लीम, आणि वारा असेल तर ग्लिमर.

परीक्षेच्या दिवशी त्याचा नंबर शेवटचा आला. प्रफुल्ल आधी जाऊन आला होता आणि घरी गेला होता. अंकुश पाळीवर चढला तेव्हा पायाखालची वाट त्याला पावलांच्या सवयीनं सापडत होती. पुढे मॅडमचा आवाज होता, बाजूला साहेबांच्या बुटांचा. तो बरोबर जागेवर उभा राहिला.

त्याला चिखलाचा वास आला. ओला, माशांचा, दाट वास. तो आदल्या दिवशी नव्हता. टिटवीही ओरडली, आणि ती जिथून ओरडली तिथं, त्याच्या हिशेबानं, पाणी होतं. टिटवी पाण्यावर बसत नाही. त्याला हे सगळं कळलं. पण मॅडमनं विचारायला सुरुवात केली होती आणि वाक्यं तयार होती.

समोर काय दिसतंय, असं तिनं पाहुणीच्या थाटात इंग्रजीत विचारलं. अंकुशनं आफ्टरग्लोपासून सुरुवात केली. वाळलेला ऐन दाखवला, हात नेमका त्याच्याकडे केला. सिलुएट म्हणाला, आणि फांद्या शिंगांसारख्या दिसतात, पाहुण्यांना पुष्कळदा गवा वाटतो, हेही म्हणाला. हे शेवटचं त्यानं आयत्या वेळी जोडलं होतं आणि ते त्याला आवडलं. साहेब हं म्हणाले. मग मॅडमनं तलावाचं विचारलं. अंकुश म्हणाला की पाण्यावर अजून ग्लीम आहे, मधल्या पट्ट्यात जास्त, आणि वाऱ्यानं कडेला ग्लिमर होतो आहे.



खालून, तलावाच्या पोटातून, माणसाचा आवाज आला. "कोणतं पाणी दाखवून राहिला बे, सत्यभामाच्या? तुडुम त दुपारीच उघडलं आमी."

तो केवळराम होता, ढिवरांच्या मच्छी सोसायटीचा म्होरक्या. दुसऱ्या दिवशी मासे काढायचे म्हणून त्यांनी तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, दुपारी उघडलं होतं. दरवर्षीचंच काम होतं ते. पाणी पार टेकाडापर्यंत मागे हटलं होतं आणि पाळीखाली नुसता चिखल उरला होता. त्या चिखलात पांढरं बनियन घातलेला केवळराम जाळ्याचे बांबू रोवत उभा होता, अंकुशपासून हाकेच्याही अलीकडे. मॅडमला तो आल्यापासून दिसत होता. साहेबांनाही.

साहेबांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता. "पाठ करून आलास काय रे?" त्यांनी विचारलं. "सगळेच करतात. दुपारपासून तेच ऐकून राहिलो मी. पावसाळ्यानंतर पुन्हा परीक्षा घेऊ, तेव्हा बघून बोल."

इतकं सोपं होतं ते. हो म्हटलं की संपलं असतं. इंग्रजी पाठ केलं हा काही गुन्हा नव्हता. गावानं आळशी म्हटलंच होतं, त्यात घोकंपट्टी करणारा एवढी भर पडली असती. पावसाळ्यानंतर त्यानं तलाव परीक्षेच्या दिवशीच, अगदी ऊन असेपर्यंत, पाहून ठेवला असता. मग गाईडचा बिल्ला मिळाला असता. आणि कधीतरी एका संध्याकाळी प्रफुल्ल तापानं पडला असता, आणि मागच्या सीटवर कुणाचं तरी लेकरू बसलं असतं, आणि गाडी रुतली म्हणून सगळ्यांना खाली उतरवावं लागलं असतं. रुतलेल्या गाडीतून खाली उतरायचं की नाही, हे गाईड बघून सांगतो. ते पाठ करता येत नाही.

"पाठच केलं, साहेब," अंकुश म्हणाला. "काहून का मले दिसत नाही. सूर्य गेला का काहीच दिसत नाही. आता तुमीबी नाही दिसून राहिले."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं असावं, कारण पुढचा प्रश्न तिच्याकडून आला, आणि तो मराठीत होता. कधीपासून, असं तिनं विचारलं. मग दिवसा कडेनं येणारी माणसं दिसतात का, घरात आणखी कुणाला आहे का, पायरी चुकते का. तिचा आवाज शिकवताना असे तसाच होता, कणव नव्हती त्यात, आणि अंकुशला त्याचं बरं वाटलं. मामाचं सांगताना त्याला जाणवलं की चिंधूमामा बायकोला भीत नव्हता हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतो आहे.

खाली उतरताना साहेबांनी टॉर्च लावली. केवळराम चिखलातून वर आला होता. ओला, माशांचा वास येणारा खांदा त्यानं अंकुशच्या हाताखाली दिला आणि पुढे चालू लागला. पाळ उतरल्यावर तेवढं म्हणाला, "बाप्पा, आन् आमी तुले आळशी म्हणत होतो."

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पुढे नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून, आत उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. हे पाल्यानं किंवा कलेजीनं जाणारं नव्हतं. वाढेल, पण किती आणि कधी ते सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. दरवर्षी तपासायला यायचं ठरलं.

गेटच्या समितीत यावर बरीच बोलाबोली झाली. दोन्ही फेऱ्या न करणाऱ्याला घ्यायचंच कशाला, असं काहींचं म्हणणं होतं. प्रफुल्लनं अदलाबदलीची गोष्ट उघडपणे मांडली, आणि तो आजारी पडला तर कोण, याचंही उत्तर आता मिळालं, कारण आता सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कुणालाही सांगता येत होतं. पावसाळ्यानंतर अंकुशला घेतलं ते फक्त सकाळच्या फेरीसाठी. उन्हाळ्यात वाघ सकाळीच जास्त दिसतो, त्यामुळे काही गाईड कुरकुरले. ताराचंद म्हणाला, "रातांधळ्याची चांदी झाली गड्या."

"तुमी पण व्हा रातांधळे," अंकुश म्हणाला. "कोण नाही म्हणते?"

हिवाळ्यात एका सकाळी त्याच्या गाडीत पुण्याचं एक कुटुंब होतं. प्रफुल्लनं त्याला अंधारात गेटपर्यंत आणून सोडलं होतं. गेट उघडलं तेव्हा उजाडलं होतं, पण तलावावरून धुकं उठून रस्त्यावर आलं होतं. पुढचं वळण दिसत नव्हतं. मॅडमच्या मापानं हा फॉग होता, वादच नव्हता. पुढच्या गाडीतून ताराचंदचा आवाज ऐकू येत होता. तो पाहुण्यांना उजवीकडे काहीतरी दाखवत होता. मागे बसलेल्या गृहस्थांनी मान लांब केली आणि इंग्रजीत विचारलं, उजवीकडे काय आहे?

अंकुशनं ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.

"आय कान्ट सी," तो म्हणाला. "थांबू."