कलती मान

“हुतात्मे मरत नाहीत!” अध्यक्ष ध्वनिक्षेपकावर गरजले आणि त्यांनी पडद्याची दोरी ओढली. पडद्याआडून जो हुतात्मा प्रकट झाला, तो खरोखरच मेलेला नव्हता. तो तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसला होता आणि नवा बूट चावत असल्यामुळे एक पाय बाहेर काढून होता.

त्याचं असं झालं होतं. गावातून लढाईवर जाऊन परत न आलेल्यांचं स्मारक करायचं समितीनं ठरवलं. नावं सगळ्यांची, पण सैनिक एकच उभा करायचा. चेहरा पंपमिस्त्रीच्या थोरल्या भावाचा घ्यावा, कारण बाकी कुणाची आई आता हयात नव्हती. थोरल्याचं प्रेत आलं नव्हतं. ट्रंक आली होती. तीत एक गणवेश होता आणि एक फोटो. फोटोत टोपीच्या सावलीखाली निव्वळ हनुवटी.

“याच्यावरून मी टोपी घडवू शकतो,” शिल्पकार म्हणाला. “माणूस नाही.” मग त्यानं मिस्त्रीकडे निरखून पाहिलं. “सख्खे भाऊ ना तुम्ही?”

मिस्त्री नको म्हणणार होता. तेवढ्यात आई म्हणाली, “बस ना रे. मला एकदा बघायला तरी मिळेल त्याला.”

तो बसला. गणवेश खांद्यात सैल होत होता. कॉलरमधून थोरल्याच्या डोक्याच्या तेलाचा वास आला, तेव्हा त्यानं श्वास रोखून धरला. शिल्पकार म्हणाला, “वा! असेच धीरगंभीर राहा.”

मिस्त्रीला एक खोड होती. बिघडलेल्या पंपाच्या बेअरिंगवर तो स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि मान डावीकडे कलती करून ऐकायचा. जन्मभर हेच केल्यामुळे मान रिकाम्या वेळीही तशीच कलायची. शिल्पकारानं ती तशीच घडवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की हुतात्मा मातृभूमीची हाक ऐकतो आहे.

आई रोज संध्याकाळी चौकातल्या स्मारकापाशी जाऊ लागली. कठड्यावर बसून पुतळ्याशी बोलायची: दूध नासलं, शेजारणीनं पुन्हा भांडण काढलं. घरी आली की गप्प. मिस्त्री अंधाऱ्या दारात उभा राहिला की दचकून विचारायची, “कोण?”

“मी.”

“हं. तूच.”

मिस्त्री त्या चौकातून सायकल नेईनासा झाला. आपल्या तोंडाखाली भावाचं नाव वाचलं की आपण नक्की कधी गेलो, असा प्रश्न पडायचा. त्याचे केस पिकले, पुतळ्याचे पिकले नाहीत. एकदा दुकानात नव्या शिक्षिकेनं अदबीनं विचारलं, “आपण हुतात्म्यांचे वडील का?” तो ‘हो’ म्हणाला. वाद कोण घालणार.

पुढं स्मारकाच्या कारंज्याचा पंप बिघडला, तोही स्मृतिदिनाचा समारंभ तोंडावर असताना. गावात दुसरा मिस्त्री नव्हता. त्यानं झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला, मान कलती केली.

“अगदी तस्साच,” कठड्यावरून आई म्हणाली.

“कोण?”

“तू. वर आहेस तस्सा. थोरल्याची मान कधी वाकली होती का? ताठ होता मेला.” आणि तिनं जीभ चावली.

मिस्त्रीचा हात थांबला. “त्यात थोरला उतरलाच नाही, हे तुला ठाऊक होतं?”

“पडदा सरकला तेव्हाच. आई आहे मी, समिती नव्हे.”

“मग रोज त्याच्याशी काय बोलतेस?”

“तुझ्याशीच बोलते. घरी तू ‘हं’ म्हणतोस आणि जेवतोस. इथं ऐकल्यासारखा तरी दिसतोस.”

मिस्त्रीला हसू आलं. ते ओठांपर्यंत पोचायच्या आत आई म्हणाली, “आधी त्याच्याशीच बोलायला यायचे रे. पण आता डोळे मिटले तरी तूच येतोस समोर. त्याचं नाक कसं होतं?”

मिस्त्रीनं आठवून पाहिलं. तेलाचा वास आठवला. हनुवटी आठवली. हनुवटीपासून टोपीपर्यंत मात्र त्याचं स्वतःचंच तोंड होतं.

“माझ्यासारखंच,” तो म्हणाला.

“नव्हतं,” आई म्हणाली. “तेवढं आठवतं.”

तो पुन्हा वाकला. मूठ कानाला लावली. वर दुसरा ऐकत होता, कठड्यावर आईही गप्प झाली होती. खालून बारीक घरघर येत होती.

बेअरिंग गेलं होतं. त्या मापाचं आता मिळत नाही. समारंभ कोरड्या कारंज्यासमोर झाला.